तिझिरीचा गुडघा

खेनिफ्रा, ९ जानेवारी

झैद,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर एक पान तरी वाच. फोन तू उचलत नाहीस. सत्तावीस वर्षांत एकदाही उचलला नाहीस, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

यम्मा बरी आहे. थंडीनं सांधे धरतात, पण चुलीपुढून कुणी उठवलं की अजून तशीच खेकसते.

काम असं आहे. इथल्या मुलींच्या फुटबॉल केंद्रात मी आठ वर्षं शिकवतोय, हे तिनं तुला सांगितलं असेलच. या वर्षी वीस वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाबरोबर मला मदतनीस म्हणून घेतलंय. फेब्रुवारीत घानाशी विश्वचषकाच्या पात्रतेचे दोन सामने आहेत, एक तिकडे, एक आपल्याकडे. आपल्याकडच्या सामन्याआधी साले शहरात शिबिर आहे. तुझ्या तिझिरीचं नाव यादीत आहे. यम्माला फार वाटतंय की नातीनं एकदा तरी आपला मोरोक्कोचा लाल शर्ट घालावा. तिच्या सांगण्यावरूनच हे लिहितोय.

तिझिरी सतरा वर्षांची आहे, तुझी सही लागेल. बेल्जियमवालेही तिला बोलावणार आहेत असं ऐकलं. घाई करू नका म्हणावं त्यांना, त्यांच्याकडे मुली पुष्कळ आहेत.

तुझ्या मनात काय येणार ते मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो, तिला काही होऊ देणार नाही. तुझ्या वेळी डॉक्टरनं चालेल म्हटलं होतं आणि आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. पुढे जे झालं ते कुणाच्या हातात नव्हतं. पण आता दिवस बदललेत. आता संघाबरोबर डॉक्टर असतो, यंत्रं असतात, हिरवळ असते.

उत्तर दे. नाहीतर नुसती सही पाठव.

हद्दू


खेनिफ्रा, २८ जानेवारी

झैद,

सही आली. तुझी नाही, तिच्या आईची. तू त्या कागदाला हात लावला नाहीस असं तिझिरीनं फोनवर सांगितलं. "बाबा स्वयंपाकघरातून उठून गेले, काका," एवढंच म्हणाली.

आता एक कबूल करतो, नाहीतर ते मनात सलत राहील. यम्मानं काही सांगितलं नव्हतं. तिला तर फुटबॉल हा शब्दसुद्धा नको असतो. कोच राबहानं मला खोलीत बोलावून, नावाआधी मानाचं 'सी' लावून विचारलं होतं, "सी हद्दू, ही अँटवर्पची मुलगी तुमची पुतणी ना? तुम्ही बोला तिच्या घरी." मी "बोलतो" म्हटलं. आमचं बोलणं नाही हे सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मला संघासोबत ठेवलं असतं की नाही, कोण जाणे. माझी नेमणूक जूनपर्यंतच आहे.

तू कधीतरी यम्माला फोनवर म्हणाला होतास, "मोठे देश मोठेच राहणार, तुम्ही कशाला जीव काढता?" ते तिनं मला सांगितलं, टोमणा म्हणूनच सांगितलं. तेव्हापासून मी त्यावर विचार करतोय. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आपली पोरं विश्वचषकात शेवटच्या चारांत गेली, तेव्हा सगळं खेनिफ्रा रस्त्यावर होतं. मीही नाचलो. पण घरी आल्यावर संघाची यादी काढून बसलो. अर्ध्याहून जास्त पोरं युरोपात जन्मलेली. चालायला शिकली ती तिथल्या गवतावर, दात आले तेही तिथेच, फक्त आडनाव आपलं. मग जिंकलं कोण?

हेच मी राबहाला विचारलं. ती म्हणाली, "बाहेरून मुली आणल्या की एक वर्ष जिंकता येतं. इथली एक मुलगी तयार करायला नऊ वर्षं लागतात. मला दोन्ही लागतात, सी हद्दू. नऊ वर्षं थांबले तर त्याआधी मलाच घरी पाठवतील."

तिझिरीबद्दल फार विचार करू नकोस. मी आहे.

हद्दू


साले, २१ फेब्रुवारी

झैद,

तिझिरी पोचली. उंची तुझी, चालणं तुझं, बोलणं मात्र कुणाचं कळत नाही. आपल्या बोलीत एक वाक्य, मध्येच चार शब्द फ्लेमिश. पहिल्या दिवशी जेवणघरात तिनं हरीरा सूपचे तीन वाडगे संपवले आणि आचाऱ्याला म्हणाली, "माझी आई यात सेलरी जास्त घालते." तो म्हणाला, "मग आईलाच आणायचं होतं, पोरी, मी तुझ्या जागी खेळलो असतो." सगळ्या मुली हसल्या. त्या दिवसापासून तिला सगळ्या ओळखतात.

परवा घानाहून आपल्या मुली एक-एक बरोबरी करून परतल्या. बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त धरतात, त्यामुळे आता इथं शून्य-शून्य झालं तरी आपण पुढे जातो. तिझिरी मधल्या बचावात उभी राहणार. या मुलींत तिच्याइतकी उंच कुणी नाही, आणि घानाच्या मुली डोक्यानं गोल करतात.

ती शामाच्या खोलीत आहे. शामा माझ्या केंद्रातली. वडील अझरूच्या जंगलात लाकूडतोडीला जातात. ती तेरा वर्षांची असताना मी सात वेळा त्यांच्या घरी गेलो. सहा वेळा त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. सातव्या वेळी शामाच म्हणाली, "बाबा, हा माणूस दर वेळी चार ग्लास चहा पितो. मला पाठवणं स्वस्त पडेल." आमचं जुनं मैदान तुला आठवतंच. दर पावसाळ्यानंतर वीस मुलींची रांग लावून आम्ही दगड वेचायचो, तेव्हा कुठे सराव सुरू व्हायचा. हिरवळ येऊन तीनच वर्षं झाली.

तिझिरीच्या मोबाइलमध्ये तिची फाईल आहे. सहाव्या वर्षापासूनची. उंची, वजन, किती पळाली, कुठे दुखलं, कुणी तपासलं. शामा ती बघत बसली होती. मग मला म्हणाली, "सर, माझं काय लिहिलंय तुमच्याकडे?" माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात तिच्या नावापुढे लिहिलंय, 'चपळ. बूट लहान होतात.'

तू म्हणाला होतास, मोठे देश मोठेच राहणार. ते का, हे मला ती फाईल बघून थोडं कळलं.

तिझिरी मजेत आहे. सरावात एकदा गुडघ्याला पट्टी बांधून घेतली, पण इथं सगळ्याच बांधतात. सकाळी जिना उतरताना ती कठडा धरते. हवा दमट आहे इथली, समुद्र जवळ आहे.

हद्दू


साले, २३ फेब्रुवारी, दुपार

झैद,

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा उद्याचा सामना होऊन गेलेला असेल. आत्ताच तुला फोन लावला. दोनदा. तू कापलास. म्हणून लिहितोय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दमट हवेचा काही संबंध नाही. तीन दिवसांपूर्वी सरावात वळताना तिचा पाय जागेवरच राहिला आणि ती पुढे गेली. पडली नाही. उठून हसली. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, कारण मी हे एकदा पाहिलेलं आहे. तुला माहीत आहे कुठे.

मी तिला साहित्याच्या खोलीत नेलं. गुडघा गरम होता आणि वाटीच्या वर सुजलेला. म्हटलं, "डॉक्टरकडे चल." तिनं माझी बाही धरली.

"काका, नको. एकच सामना आहे."

"एका सामन्यातच होतं, पोरी."

"अँटवर्पला मी कोण आहे माहीतेय? तिथं माझ्या जागेसाठी सहा जणी आहेत. कोच मला माझ्या नावानं नाही, मोरोक्कोवाली म्हणून हाक मारतात. इथं पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं. मला नका बसवू, काका. तुम्हाला आजीची शपथ."

मी शपथ घेतली. तीन दिवस रोज बर्फ लावून दिला, पट्टी घट्ट बांधली. संघाच्या डॉक्टरांनी सगळ्या मुलींना रांगेत तपासलं तेव्हा ती दोन गोळ्या घेऊन गेली होती. गोळ्या मी आणून दिल्या. डॉक्टरांनी मला विचारलंसुद्धा, "तुमच्या नजरेला काही आलंय का?" मी म्हटलं, "नाही."

आज दुपारी जेवणानंतर ती आली. म्हणाली, "काका, उद्यासाठी इंजेक्शन मिळेल का कुठे? म्हणजे अजिबात दुखणार नाही."

तेव्हापासून मी इथं बसलोय.

आता तुला जे सांगायचं ते सत्तावीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की डॉक्टरनं चालेल म्हटलं होतं, आपण दोघांनी ठरवलं. ते खरं नाही. त्या दिवशी दवाखान्यात तू बाहेर बाकावर बसला होतास. आत डॉक्टरनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "सहा आठवडे हा पाय पळता कामा नये. आज खेळला तर गुडघा जाईल." मी त्याच्या हातापाया पडून इंजेक्शन मागितलं. वडील नाहीत, घर याच्यावर आहे, असं काय काय बोललो. तो कबूल झाला. बाहेर येऊन तुला म्हटलं, "इंजेक्शन घेतलंस की चालेल म्हणाला." तू माझ्याकडे बघून बूट घातलेस. एकोणीस वर्षांचा होतास, मी सांगितलं ते खरं मानलंस.

आणि का, तेही सांगतो. तुझ्यासाठी केलं असं मी सगळ्यांना सांगत आलो. फ्रान्सहून खेळाडू निवडायला आलेला तो माणूस आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "धाकटा खेळणार असेल तरच मी येतो. आलोच तर मोठ्यालाही बघेन." मला त्यानं बघावं म्हणून मी तुला उभा केला. तू खाली कोसळलास तेव्हा मी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तो उठून गाडीकडे निघाला होता.

मी ते इंजेक्शन मिळवलं म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. तुला बाकीचं माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

मी राबहाकडे जातोय. परत आल्यावर पाकीट चिकटवतो.

हद्दू


साले, २६ फेब्रुवारी

झैद,

काय झालं ते तिझिरीनं तुम्हाला तिच्या बाजूनं सांगितलं असेलच. माझ्या बाजूनं असं झालं.

राबहा मैदानावर झेंडे मोजत होती. मी सांगितलं. तीन दिवस, गोळ्या, बर्फ, सगळं. तिनं हातातले झेंडे खाली ठेवले. मग म्हणाली, "नावं देऊन झाली आहेत, सी हद्दू. उद्या सामना आहे. आज सांगताय?"

"हो."

"तीन दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या मुलीला तीन दिवस तयार केलं असतं."

"हो."

"हो काय? तुमची जीभ कुठे होती?" मग तिनं शिटी गळ्यातून काढून माझ्या अंगावर फेकली आणि डॉक्टरांना बोलवायला स्वतः पळत गेली.

संध्याकाळपर्यंत गुडघ्याचे फोटो आले. लिगामेंट अर्धं फाटलंय. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मला फक्त एक पांढरा धागा दिसला, मधेच विस्कटलेला. म्हणाले, "आणखी एक वळण, की दोन्ही टोकं वेगळी. मग वर्षभर विसरा, कदाचित कायमचं." तिझिरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुम्ही शपथ घेतली होती."

तिच्या जागी राबहानं शामाला उतरवलं. शामा बचावात कधी खेळलेली नाही आणि तिझिरीपेक्षा वीतभर बुटकी आहे. बूट घालताना मला म्हणाली, "सर, मी काय करायचं?" मी म्हटलं, "त्यांच्या नऊ नंबरला वळू देऊ नकोस." तिनं खरंच वळू दिलं नाही. तासभर ती त्या मुलीच्या सावलीसारखी फिरत होती. मी बाकावर बसून नखं खात होतो. राबहा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती.

साठाव्या मिनिटाला त्यांची नऊ नंबरची मुलगी जरा लंगडली. जरा म्हणजे अगदी जरा. त्यांच्या कोचनं लगेच तिला बाहेर घेतलं. रडली बिचारी, पण बाहेर घेतलंच. तिच्या जागी आली ती ताजी आणि तितकीच वेगवान. राबहा तिकडे बघत हळूच म्हणाली, "बघा. त्यांना असं करता येतं." मुलींच्या खेळात आपल्या आफ्रिकेत घाना कितीतरी वर्षं पुढे आहे. लंगडणाऱ्या मुलीला बसवणं त्यांना परवडतं, कारण मागे तशीच दुसरी बसलेली असते. आपण एकीच्याच गुडघ्यावर सगळं ठेवतो, आणि तो गुडघा गेला की नशीब म्हणतो.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला. शामा उडाली. जितकं उडता येतं तितकं उडाली. चेंडू तिच्या केसांना लागून गेला असेल, आणि मागून त्या नव्या मुलीनं डोकं घातलं. शून्य-एक. सामना तसाच संपला, आपण बाहेर.

तिझिरी तिथं असती तर तो चेंडू तिनं काढला असता. हे मला ठाऊक आहे, राबहाला ठाऊक आहे, शामालाही ठाऊक आहे. सामन्यानंतर शामा गवतावर पालथी पडली होती. तिला उठवायला कोण गेलं, सांगू? तिझिरी. कुबड्या घेऊन. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. माझ्याकडे मात्र तिनं बघितलं नाही.

राबहानं मला सांगितलं की पुढच्या शिबिराला मी नसेन. "सांगितलंत म्हणून नाही, उशिरा सांगितलंत म्हणून," म्हणाली. बरोबर आहे तिचं.

सूज उतरल्यावर, ८ मार्चच्या सकाळच्या विमानानं तिझिरी निघेल. व्हीलचेअर सांगितली आहे. विमानतळावर घ्यायला ये, झैद. तिच्याकडे दोन बॅगा आहेत.

हद्दू


खेनिफ्रा, १७ ऑगस्ट

झैद,

तू गेल्याला चार दिवस झाले. यम्मा अजून एका माणसाचं जास्तीचं पीठ मळते आणि मग माझ्यावर चिडते.

तू येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात गाडी थांबली, तू उतरलास. आधी डावा पाय, मग हातानं धरून उजवा. माझ्या हातातलं भांडं कुठे ठेवावं ते मला कळेना. सत्तावीस वर्षं मी तुझ्याशी मनात बोलत होतो आणि तोंडातून निघालं काय, तर "ऊन फार आहे, आत ये." तू आत गेलास. पाच दिवसांत माझ्याशी मोजून चार वाक्यं बोललास. त्यातलं एक मीठ मागायला.

चौथ्या दिवशी तू केंद्रावर आलास ते मात्र मला वाटलं नव्हतं. कुंपणाबाहेर उभा होतास. चौदा वर्षांची एक पोर परत परत आडवा पाय घालून चेंडू काढायला बघत होती. तू ओरडलास, "गुडघा आत पडतोय तुझा! बोटं समोर ठेव, आधी पाय टेकव, मग वळ!" तिनं विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ. या भागातला सगळ्यात चांगला खेळाडू होता." तू ते ऐकलंस का, माहीत नाही. पुढचा तासभर तू दारातल्या खुर्चीवर बसून अकरा मुलींना नुसतं वळायला शिकवत होतास. मी शंकू मांडत होतो. आता त्या रोज विचारतात, गुडघेवाले काका कधी येणार.

बस स्टँडवर तू म्हणालास, "माफ केलंय असं समजू नकोस." मी म्हटलं, "समजत नाही." मग बस सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणालास, "पत्रं येऊ देत." म्हणून हे पत्र. यापुढे पत्ता माझ्या अक्षरात असेल.

बातम्या देतो. शामाला मोठ्या मुलींच्या सरावासाठी बोलावलंय. राबहानं मला फोन केला होता, रागात नव्हती. विचारत होती की केंद्रातल्या सगळ्या मुलींची गुडघ्यांची तपासणी करून नोंद ठेवता येईल का, तालुक्याच्या दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर तयार आहे. मी नवी वही आणली. अठ्ठेचाळीस मुली, प्रत्येकीला दोन पानं. त्या फाईलपुढे ही काहीच नाही. तिझिरीची फाईल अकरा वर्षांची आहे, आमची वही अकरा दिवसांची. तरी रोज उघडतो.

बेल्जियमवाल्यांनी तिझिरीकडे दवाखान्यात माणूस पाठवला होता, फुलं आणि व्यायामाचा तक्ता घेऊन, असं तू यम्माला सांगत होतास. मला रात्रभर त्याचाच घोर लागला होता, कबूल करतो. आपल्याकडून कुणी गेलं नाही. राबहा जाऊ शकत होती की नाही, मला माहीत नाही. मी जाऊ शकत नव्हतो. तिनं त्यांच्याकडून खेळायचं ठरवलं तर मी काय तोंडानं बोलू? नांगरलेलं रान आपलं नाही, पाणी आपलं नाही, फक्त बी आपलं म्हणून पीक मागायचं का? आणि तरी मला वाटतं की तिनं इकडे यावं. दोन्ही खरं आहे. म्हणून मी तिला विचारणार नाही, आणि तूही माझ्यासाठी विचारू नकोस.

गुडघा किती सुटला, एवढंच कळव. ती पालथी झोपून पाय मागे वाकवते तेव्हा टाच कुठपर्यंत येते? कुल्ल्याला पूर्ण टेकते का?

हद्दू